काच घासली, धुतली, लेप लावला, आता पाणी कसं वागेल? नवख्यांसाठी पहिल्या चार स्लाइडची पद्धत

जानेवारी-फेब्रुवारी आला की नाशिकमधल्या डिप्लोमा, बीई आणि एमएस्सीच्या मुलांचे मेसेज यायला लागतात. काचेवर कोटिंगचा प्रोजेक्ट घेतलाय, कॉन्टॅक्ट अँगल (थेंबाची कड काचेशी करते तो कोन) मोजतोय, पण एकाच काचेवर सकाळी २० अंश येतो, दुपारी ४५ येतो, गाइड विचारतात खरा कुठला, काय सांगू? याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, तुम्ही काच मोजतच नाही आहात, काचेवर बसलेला मळ मोजताय. आणि दुसरा घोळ हा की सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं "रफनेस (खडबडीतपणा) वाढवला की पाणी टिकत नाही, कमळाच्या पानासारखं घरंगळतं", मग काच घासून आणतात आणि थेंब टाकल्यावर तो उभा राहायच्या ऐवजी आडवा पसरतो, की झाली पंचाईत.

खरं काय आहे ते आधी सांगतो म्हणजे पुढची प्रत्येक पायरी कशासाठी करतोय ते कळेल. पाणी पसरणार का गोळा होणार हे ठरवते काचेच्या सगळ्यात वरच्या थराची केमिस्ट्री. रफनेस फक्त तोच कल अजून वाढवतो. पाणी आवडणाऱ्या काचेला खडबडीत केलं तर तिला पाणी अजून आवडतं, आणि पाणी नको असलेल्या काचेला खडबडीत केलं तर पाणी अजून नको होतं. हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं त्याचा निम्मा प्रोजेक्ट झाला.

नाशिककराला वरच्या थराचं महत्त्व वेगळं पटवायला लागत नाही. द्राक्षाच्या मण्यावर जी पांढरट पावडर दिसते ती मेणाची असते, त्यावर पाणी टाका, थेंब गोल होऊन घसरतो. तोच मणी बोटाने चोळून पुसा आणि त्या जागी परत थेंब टाका, तो जास्त चिकटतो. आणि बागेत फवारणीच्या पाण्यात स्टिकर नावाचं द्रव टाकतात ते कशाला, तर पानावर थेंब गोळा न होता पसरावा म्हणून. तिथे पृष्ठभाग तोच ठेवून पाणी बदललं, आपण इथे पाणी तेच ठेवून पृष्ठभाग बदलणार आहोत.

थोडं गणित, पण हे टाळू नका

थेंबाची कड काचेला टेकते तिथे थेंबाच्या आतून जो कोन होतो तो कॉन्टॅक्ट अँगल. ९० च्या खाली असेल तर काच पाणी धरते, वर असेल तर झिडकारते. थॉमस यंगने १८०५ मध्ये हा कोन तीन पृष्ठताणांच्या तोलातून येतो असं मांडलं, पण त्याचा हिशोब एकदम गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या पृष्ठभागासाठी आहे. खडबडीत पृष्ठभागाचं १९३६ मध्ये वेन्झेलने सांगितलं. खाचाखोचा धरून खरं क्षेत्रफळ भागिले वरून दिसणारं क्षेत्रफळ असं गुणोत्तर काढायचं, त्याला आपण आर म्हणू, आणि गुळगुळीत काचेवरच्या कोनाच्या कोसाइनला त्या आरने गुणायचं, की खडबडीत काचेवरच्या कोनाचा कोसाइन मिळतो.

आकडे घालून बघा. आर १.२ धरला, गुळगुळीत काचेवर ६० अंश असतील तर कोसाइन ०.५, त्याचा झाला ०.६, म्हणजे कोन ५३ वर आला. तोच आर, पण लेप लावून गुळगुळीत काचेवर ११० अंश आहेत, कोसाइन उणे ०.३४२, त्याचा झाला उणे ०.४१, म्हणजे कोन ११४. एकच घासाई, एकीकडे कोन उतरला, दुसरीकडे चढला. आणि आर १.५ असेल आणि मूळ कोन ४० असेल तर गुणाकार १ च्या वर जातो, म्हणजे थेंब थेंब राहतच नाही, पूर्ण पसरतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण रिपोर्टमध्ये सर्रास चुकते. रफनेस टेस्टर जो आरए दाखवतो तो म्हणजे वेन्झेलचा आर नाही. आरए ही सरासरी रेषेपासून उंच-सखलपणाची सरासरी, मायक्रॉनमध्ये. दोन काचांचा आरए सारखा असू शकतो आणि एकीवर रुंद पसरट लाटा आणि दुसरीवर टोकदार दाट खाचा असू शकतात, त्यांचं खरं क्षेत्रफळ वेगळं, पाण्याची वागणूकही वेगळी. त्यामुळे आरए वेन्झेलच्या सूत्रात टाकू नका.

सामान आणि काच

मायक्रोस्कोपच्या साध्या स्लाइड घ्या, ७५ बाय २५ मिलिमीटरच्या, कुठल्याही लॅब सप्लायवाल्याकडे मिळतात. त्या सोडा-लाइम काचेच्या असतात, खिडकीची काच पण तीच जात, साधारण ७० ते ७४ टक्के सिलिका आणि बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. काचवाल्याकडचे कटपीस फुकटात मिळतात आणि चांगले असतात, पण त्यात एक भानगड आहे ती माहीत पाहिजे. खिडकीची काच फ्लोट पद्धतीने बनते, वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच तरंगवून, ही पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. त्यामुळे काचेच्या एका बाजूला कथिलाचा अंश राहतो आणि दोन बाजू केमिकली सारख्या नसतात. २५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा अंधारात तिरका मारला की कथिलाची बाजू दुधाळ चमकते. नोटा तपासायचा स्वस्तातला दिवा बहुतेक ३६५ चा असतो, त्याने हे दिसत नाही. दिवा लावताना डोळ्याला यूव्हीचा चष्मा आणि हातात ग्लोव्हज पाहिजेतच. हा दिवा नसेल तर सरळ स्लाइडच घ्या.

काचेवर नंबर टाकायचा तर डायमंड पेन्सिलने, कोपऱ्यात, मागच्या बाजूला. मार्करने अजिबात नको, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लागलं की शाई विरघळून सगळ्या काचेवर पसरते आणि मग कोन शाईचा येतो.

बाकी यादी छोटी आहे. पावडर नसलेले नायट्रिल ग्लोव्हज, चिमटा, टीपॉल (लॅबमधला द्रव साबण), आयपीए, डीएम म्हणजे क्षार काढलेलं पाणी, कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर, झाकणाच्या काचेच्या पेट्री डिश, इन्सुलिनची सिरिंज, मोबाइल आणि क्लिपवाली मॅक्रो लेन्स. पाण्याबद्दल एवढंच की बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला कधीच वापरू नका, सुकल्यावर क्षाराचे पांढरे डाग राहतात आणि तो परत एक नवीन पृष्ठभाग झाला.

पहिली पायरी: धुणं, आणि ही सगळ्यात मोठी पायरी आहे

नवीन डब्यातली स्लाइड स्वच्छ असते हा गैरसमज. कारखान्यातून, पॅकिंगच्या कागदातून, हवेतून तिच्यावर सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर बसलेलाच असतो. आपल्याला उघडी काच पाहिजे, कारण उघड्या काचेच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल म्हणजे सिलिकॉनला जोडलेले ओएच गट असतात, पूर्ण भरलेल्या सिलिकावर एका चौरस नॅनोमीटरला साधारण ५, आणि पाण्याला तेच धरतात. मळाचा थर आला की हे गट झाकले जातात.

कोमट पाण्यात एक-दोन टक्के टीपॉल, ग्लोव्हज घातलेल्या बोटांनी दोन्ही बाजू चोळा, अल्ट्रासॉनिक बाथ (ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं भांडं) असेल तर १०-१५ मिनिटं त्यात ठेवा. नळाखाली फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा, मग डीएम पाण्याने तीनदा, मग आयपीए, परत डीएम पाणी, आणि रबरी ब्लोअरने सुकवा. तोंडाने फुंकायचं नाही. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, तिच्यात तेलाचा तुषार असतो. ॲसिटोन वापरत असाल तर ते काचेवर सुकू देऊ नका, पटकन उडून जातं आणि विरघळवलेला मळ तिथेच पसरवून ठेवतं, त्यामुळे ओलं असतानाच आयपीएने धुऊन टाका.

आता तपासा. काच पाण्यात बुडवून उभी बाहेर काढा. पाण्याचा पडदा अखंड राहून हळूहळू खाली उतरला तर स्वच्छ, कुठे पडदा फाटला, बेट तयार झालं, तर तिथे मळ आहे. दुसरी तपासणी श्वासाची, काचेवर हलका श्वास सोडा (थुंकी उडू देऊ नका) आणि काळ्या कपड्यासमोर धरून बघा. मळकट काचेवर वाफेचे बारीक गोल थेंब बसतात आणि पांढरट धुकं दिसतं, स्वच्छ काचेवर वाफेचा सलग पातळ थर बसतो, धुकं दिसतच नाही, काच काळीच राहते. लॉर्ड रेलेने १९११ मध्ये यावर लिहिलं होतं, काचेवरून ज्योत फिरवली तर जिथून ज्योत गेली तेवढाच पट्टा श्वासात वेगळा दिसतो. हा प्रयोग मुलांना दाखवला की "पृष्ठभागाची केमिस्ट्री" म्हणजे काय ते लगेच समजतं, दहा स्लाइडचं प्रेझेंटेशन लागत नाही.

धुऊनही पडदा फाटत असेल तर अजून तीन रस्ते आहेत. कॉलेजात मफल फर्नेस (लॅबची बंद विजेची भट्टी) असेल तर ४५० डिग्रीला तासभर ठेवा, सेंद्रिय मळ जळून जातो, पण काच थंड भट्टीत ठेवायची आणि भट्टीतच थंड होऊ द्यायची, गरम बाहेर काढली की तडकणार. यूव्ही-ओझोन किंवा प्लाझ्मा मिळाला तर उत्तमच, काही मिनिटांत कोन १० च्या खाली जातो. जुन्या लॅबमध्ये अजून क्रोमिक ॲसिडची बाटली असते आणि कोणीतरी सीनियर सांगतो की त्यात बुडव, ते करू नका, त्यातलं क्रोमियम कॅन्सर करणारं आहे. पिरान्हा नावाचं सल्फ्युरिक ॲसिड आणि पेरॉक्साइडचं मिश्रण तर नवख्या माणसाने नावसुद्धा काढू नये.

धुतलेली काच उघड्यावर ठेवली की परत मळायला लागते आणि हे तासांच्या हिशोबात होतं, कोन हळूहळू चढत ३०-४० अंशांवर किंवा त्याच्याही पुढे जातो. जवळ कॅन्टीनचा तळणीचा धूर असेल, शेजारी कोणी सिलिकॉन सीलंट लावत असेल तर अजून लवकर. प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत ठेवू नका, प्लास्टिकमधून पण थर बसतो, काचेची पेट्री डिशच पाहिजे. म्हणून माझा आग्रह असा की पहिला प्रयोग कोटिंगचा नको, हाच करा. एक स्लाइड धुवा, लगेच मोजा, तासाने मोजा, दुसऱ्या दिवशी मोजा, आठवड्याने मोजा. तुमच्या खोलीत काच किती वेगाने मळते ते कळल्याशिवाय पुढचे आकडे वाचता येत नाहीत. सकाळी २० आणि दुपारी ४५ याचं उत्तर इथेच मिळतं.

दुसरी पायरी: थेंबाचा फोटो

गोनिओमीटर (कॉन्टॅक्ट अँगल मोजायचं यंत्र) नसला तरी अडत नाही. पातळीत असलेलं टेबल, त्यावर वह्यांची चळत, चळतीवर स्लाइड, मागे पांढरा एलईडी आणि मध्ये बटर पेपर, समोर मोबाइल स्टँडवर, लेन्स बरोबर काचेच्या उंचीला. थेंब काळा आणि मागे पांढरं असं दिसलं पाहिजे. पंखा बंद.

सिरिंज घेताना टोपी बघा, लाल टोपी म्हणजे यू-४०, तिची एक खूण म्हणजे १ युनिट म्हणजे २५ मायक्रोलिटर. केशरी टोपी म्हणजे यू-१००, तिचं १ युनिट १० मायक्रोलिटर. आपल्याला थेंब ५ मायक्रोलिटरच्या आसपास पाहिजे, मोठा घेतला की स्वतःच्या वजनाने चपटा होतो. यू-१०० च्या ३१ गेजच्या बारीक सुईला थेंब हळूहळू लोंबू द्या, आपोआप सुटेल सुटेल असा झाला की तो साधारण तेवढाच असतो. तो वरून पाडायचा नाही, काच थेंबापर्यंत हळूच वर आणायची, टेकली की थेंब काचेवर जातो.

१०-१५ सेकंदांत फोटो घ्या. एप्रिलच्या कोरड्या दुपारी थेंब डोळ्यासमोर आटतो, कड जागेवर चिकटलेली राहते आणि उंची कमी होते, म्हणजे काहीच न करता कोन उतरत जातो. पावसाळ्यात तसं कमी होतं. म्हणून वहीत वेळ आणि खोलीचं तापमान-आर्द्रता लिहायचीच.

आता कोन. फोटोत थेंबाची उंची मोजा आणि काचेला टेकलेल्या पायाची रुंदी मोजा, पिक्सेलमध्ये चालेल, स्केल लागत नाही. उंचीची दुप्पट भागिले रुंदी, जो आकडा येईल त्याचा टॅन इन्व्हर्स, आणि त्याची दुप्पट. समजा उंची ०.९ आणि रुंदी ३, तर १.८ भागिले ३ म्हणजे ०.६, टॅन इन्व्हर्स ३१, कोन ६२. अजून नेमकं पाहिजे तर इमेजजे हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात थेंबाचे प्लगइन मिळतात. एका स्लाइडवर कमीत कमी पाच वेगवेगळ्या जागी थेंब, आणि सरासरीसोबत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त पण लिहा. कोन १० च्या खाली गेला की ही पद्धत भरवशाची नाही, तिथे सरळ "१० पेक्षा कमी" लिहा, ७.३ वगैरे लिहून कोणाला फसवू नका.

तिसरी पायरी: रफनेस देणं

सगळ्यात सोपा आणि सुरक्षित रस्ता म्हणजे ओली घासाई. जाड काचेचा एक सपाट तुकडा, त्यावर चिमूटभर सिलिकॉन कार्बाइड पावडर आणि थोडं पाणी, वर स्लाइड पालथी ठेवून हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची. आधी करकर आवाज येतो, मग तो बारीक होतो, पाणी राखाडी होतं, काही मिनिटांत सगळी काच एकसारखी मॅट दिसायला लागते. भिंगातून बघा, मध्ये चकचकीत बेटं राहिली असतील तर अजून फिरवा. २२० नंबरचा दाणा साधारण ५० ते ७० मायक्रॉनचा, ४०० चा दाणा कुठल्या मानकाने मोजला त्यावर १७ ते ३५. प्रत्येक नंबरला वेगळी स्लाइड आणि वेगळा खालचा तुकडा, कारण २२० चा एक दाणा ४०० मध्ये गेला की लांब ओरखडे पडतात. घासाई नेहमी ओलीच, कोरडी धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

सँडब्लास्टिंग (हवेच्या झोताने दाणे मारणं) नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये करून मिळतं, त्याने रफनेस काही मायक्रॉनपर्यंत जातो. तिथे विचारून घ्या की ॲल्युमिना मारतात का वाळू, वाळूची धूळ सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार करते, असल्या जागी उभंसुद्धा राहू नका. प्रेशर, अंतर, कोन आणि दाण्याचा नंबर लिहून आणा, नाहीतर परत तसाच नमुना बनवता येत नाही. आणि घासलेली काय, ब्लास्ट केलेली काय, काच कमजोर होते, बारीक चरे पडतात आणि तिथूनच तडा पुढे जातो, तेव्हा हाताळताना जपून.

ॲसिड एचिंगबद्दल स्पष्ट बोलतो. काच खाणारं ॲसिड म्हणजे हायड्रोफ्लोरिक (एचएफ), ते सिलिका विरघळवतं म्हणून फ्रॉस्टिंगला वापरतात. ते कातडीतून आत जातं, पातळ असेल तर दुखायला काही तासांनी लागतं, तोपर्यंत शरीरातलं कॅल्शियम धरत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी, एचएफचं ट्रेनिंग घेतलेला माणूस शेजारी आणि फ्यूम हूड (धूर ओढून घेणारं कपाट), या तिन्हींतलं एकही कमी असेल तर हा रस्ता तुमचा नाही. ऑनलाइन मिळणारं एचिंग क्रीम घरगुती वाटतं पण त्यातही बहुतेक अमोनियम बायफ्लोराइडच असतं, त्याला पण तोच मान द्या. आणि उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही, नासर्डीत जाणारं पाणी पुढे गोदावरीतच जातं.

रफनेस मोजायला अंबड-सातपूरच्या ऑटो पार्टच्या कारखान्यांत क्वालिटी रूममध्ये रफनेस टेस्टर असतो, कॉलेजचं पत्र घेऊन गेलात तर बऱ्याचदा मोजू देतात. आरए ०.१ ते २ मायक्रॉनच्या मध्ये असेल तर कटऑफ (सुईने एका टप्प्यात मोजायची लांबी) ०.८ मिलिमीटर, त्याच्या वर गेला तर २.५. कटऑफ न लिहिता नुसता आरए लिहिला तर त्याला अर्थ नाही. न घासलेल्या काचेवर हे यंत्र चालवून उपयोग नाही, तिच्या सुईचं टोकच २ किंवा ५ मायक्रॉन त्रिज्येचं आणि फ्लोट काचेचा उंच-सखलपणा नॅनोमीटरच्या घरात, यंत्र स्वतःचीच थरथर दाखवतं. त्यासाठी एएफएम (नॅनोमीटरपर्यंतचा उंच-सखलपणा मोजणारा सूक्ष्मदर्शक) लागतो, आयआयटी मुंबईत बाहेरच्या लोकांना पैसे भरून अशी यंत्रं वापरायची सोय आहे. पण पहिल्या प्रोजेक्टला त्याची गरज नाही, धुतलेली फ्लोट काच इतकी गुळगुळीत असते की वेन्झेलचा आर १ धरला तरी चालतो.

चौथी पायरी: चार स्लाइड

चार स्लाइड घ्या. दोन तशाच गुळगुळीत, दोन ४०० ने घासलेल्या. चारही एकत्र, एकाच बादलीत, एकाच पद्धतीने धुवा. घासलेल्या काचेच्या खाचांत पावडर आणि तेल अडकून बसतं म्हणून त्यांना अल्ट्रासॉनिक जास्त वेळ द्या. हे मुद्दाम सांगतोय कारण गुळगुळीत काच धुतलेली आणि घासलेली काच नुसती पुसलेली अशी तुलना करून "रफनेसने कोन वाढला" असे निष्कर्ष काढलेले मी भरपूर वाचलेत, तिथे कोन तेलाने वाढलेला असतो.

मग एक गुळगुळीत आणि एक घासलेली अशा दोन्हींवर लेप. सुरुवातीला गाडीच्या काचेचं सिलिकॉनवालं रेन रिपेलंट पुरे, बाटलीवर लिहिलंय तसं लावा, सुकू द्या, स्वच्छ कपड्याने पुसा. लॅबमध्ये सायलेन वापरायचं असेल तर तत्त्व तेच आहे, सायलेनचं एक टोक काचेच्या सिलॅनॉलला घट्ट जोडलं जातं आणि दुसरं टोक बाहेर राहतं, ते बाहेरचं टोक पाण्याला भेटतं. म्हणूनच लेपाच्या आधी काच पाणी आवडणारी हवी, सिलॅनॉल उघडे नसतील तर लेप बसणार कुठे? क्लोरोसायलेन ओलाव्याशी लागून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर सोडतात, तेव्हा फ्यूम हूडमध्येच. फ्लोरिनवाले सायलेन कोन थोडा जास्त देतात पण ती रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं मोडत नाहीत, विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला माझं मत सिलिकॉनच.

आता चौघींवर थेंब टाका. गुळगुळीत स्वच्छ काचेवर थेंब चपटा पसरेल. घासलेल्या स्वच्छ काचेवर मोबाइल बाजूला ठेवा आणि नुसत्या डोळ्यांनी जवळून बघा, थेंब टेकतो आणि त्याची कड गोल राहत नाही, खाचाखाचांतून बारीक नख्या फुटल्यासारखी पुढे पळते, आणि जिथे जिथे पाणी पोचतं तिथली दुधी काच एकदम पारदर्शक होते. खाचांत हवा होती तिथे पाणी भरलं, पाण्याचा अपवर्तनांक १.३३, काचेचा १.५२ च्या आसपास, हवेच्या १ पेक्षा पाणी काचेला बरंच जवळचं, त्यामुळे प्रकाश पूर्वीइतका विखुरत नाही. बाथरूमची फ्रॉस्टेड काच खडबडीत बाजूने ओली झाली की पलीकडचं दिसायला लागतं ते ह्याचमुळे, म्हणून ती बाजू नेहमी कोरड्या खोलीकडे ठेवतात. बोटांचे तेलकट ठसे फ्रॉस्टेड काचेवर दिसतात आणि लवकर निघत नाहीत, त्याचंही कारण तेच, तेल खाचांत भरतं.

लेपाच्या गुळगुळीत काचेवर कोन साधारण १०० च्या आसपास येईल. सपाट पृष्ठभागावर नुसत्या केमिस्ट्रीने १२० च्या पुढे जाता येत नाही, भारीतला फ्लोरिनचा लेप लावला तरी. लेपाच्या घासलेल्या काचेवर कोन त्याहून वर. म्हणजे घासाई एकच, स्वच्छ जोडीत कोन उतरला, लेपाच्या जोडीत चढला. हे चार फोटो शेजारी शेजारी लावले की सुरुवातीचं वेन्झेलचं सगळं दिसतं.

पण थांबा, लेपाच्या दोन्ही स्लाइड आता हळूहळू तिरक्या करा, मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं. गुळगुळीतवरून थेंब ठरावीक कोनाला घसरेल. घासलेल्यावर थेंब जास्त गोल दिसत असूनही बऱ्याचदा घसरतच नाही, उभी केली तरी लटकून राहतो. कारण पाणी खाचांत उतरून बसलंय. घरंगळायला पाहिजे असेल तर खाचांत हवा अडकून राहिली पाहिजे आणि थेंब नुसत्या टोकांवर बसला पाहिजे, हा हिशोब कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडला. त्याला खाचा बारीक आणि दाट लागतात, ४०० नंबरच्या पावडरने ते होत नाही. बघायचंच असेल तर मेणबत्तीच्या ज्योतीवर स्लाइड सतत हलवत ठेवून काजळी धरा, थेंब गोटीसारखा पळतो, कोन १५० च्या वर. फक्त बोट लागलं की काजळी निघते. जर्मनीत माइन्झच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी २०१२ मध्ये ह्याच काजळीवर सिलिकाचं कवच चढवून, काजळी जाळून टाकून पारदर्शक लेप केला होता, म्हणजे साधी वाटणारी गोष्ट किती लांब जाऊ शकते बघा.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसता स्थिर कोन (आडव्या काचेवरचा) देऊ नका, घसरायचा कोनही द्या. गाडीची काच किंवा शॉवरची काच यांना खरा उपयोग त्या दुसऱ्या आकड्याचा असतो. सोलर पॅनलवर मात्र गाडीचं रिपेलंट लावायचा प्रयोग करू नका, त्या काचेवर बऱ्याचदा परावर्तन कमी करणारा सच्छिद्र थर आधीच असतो, तो बिघडतो आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो. आणि सगळ्याच ठिकाणी पाणी झिडकारणारी काच चांगली असंही नाही, टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असलेली सेल्फ क्लीनिंग काच उलट्या बाजूने काम करते, उन्हातल्या यूव्हीने तिचा कोन जवळजवळ शून्यावर येतो, पाणी चादरीसारखं पसरून धूळ घेऊन उतरतं. आपल्याकडे आठ महिने पाऊसच नसतो, तेव्हा अशा काचेला मध्ये मध्ये पाणी मारावंच लागतं.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक थेंबाला एक ओळ. नमुना असा: स्लाइड ग-२, ४०० ओली घासाई, टीपॉल-डीएम-आयपीए-डीएम, अल्ट्रासॉनिक २० मिनिटं, धुतल्यापासून १५ मिनिटं झाली, लेप नाही, खोली २९ डिग्री, आर्द्रता ४० टक्के, थेंब ५ मायक्रोलिटर, १० सेकंदांनी फोटो, कोन १० पेक्षा कमी. "धुतल्यापासून किती वेळ" हा रकाना रिकामा असेल तर बाकीचे रकाने भरून काही उपयोग नाही, मी स्वतः तो आकडा नसलेला कॉन्टॅक्ट अँगल वाचतच नाही.

शेवटचं काम लेप टिकतो का ते बघायचं. ओल्या सुती कापडाने सारख्याच दाबाने पुसायचं, वजनाचा एखादा ठोकळा कापडात गुंडाळला की दाब सारखा राहतो, ५० वेळा पुसून मोजा, १०० ला मोजा, २०० ला मोजा. घासलेल्या आणि गुळगुळीत दोन्ही लेपांवर करा, आणि आलेख काढताना दोन्ही कोन काढा, स्थिर आणि घसरायचा, कारण बहुतेक वेळा आधी घसरायचा बिघडतो आणि स्थिर कोन त्यानंतर बऱ्याच उशिरा खाली यायला लागतो.